नोझल बदलण्याआधी: न्यूट्रलला थरथरणाऱ्या डिझेल गाड्यांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये दुखणं एकच आहे. दोन-अडीच लाख किलोमीटर पळालेली डिझेल गाडी रस्त्यावर ठीक चालते, पण उभी राहिली की थरथरते. कारणं मात्र पत्रागणिक वेगळी आहेत, म्हणून उत्तरं एकत्र न करता एकेक देत आहोत. नोझल म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणारा भाग, आणि कॉमन रेल म्हणजे सगळ्या नोझलसाठी एकाच नळीत सतत दाबाने डिझेल भरून ठेवणारी पद्धत, एवढं आधी लक्षात ठेवा.

प्रश्न : गाडी २०१३ ची डिझेल सेडान, चार सिलिंडर, कॉमन रेल. २ लाख ३८ हजार किलोमीटर झाले. रोडवर ७०-८० ला काही तक्रार नाही. पण रेल्वे फाटकावर न्यूट्रलमध्ये उभी केली की स्टिअरिंग हलतं, डॅशबोर्ड खडखडतो, मागे बसलेल्या आईची कंबर दुखायला लागते. आरपीएमचा काटा ८०० च्या आसपास एका जागी असतो. इथले मिस्त्री म्हणतात चारही नोझल टाका. यवतमाळला दुसऱ्याने थेट इंजिन खोलायला सांगितलं. मोजमाप दोघांनीही काही केलं नाही. काय करावं?
(घाटंजी, जि. यवतमाळ)

उत्तर : दोघांच्याही सांगण्यावर आज पैसे घालू नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे काटा स्थिर आहे. स्लो (न्यूट्रलमधला इंजिनाचा वेग) वरखाली होत असता तर संशय आधी डिझेलच्या लाइनवर गेला असता. काटा जागेवर असून गाडी हलत असेल तर दोनच मोठ्या शक्यता उरतात. एक तर इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबर, बसलंय, नाहीतर चारांपैकी एक सिलिंडर कमी काम करतोय.

मग रस्त्यावर का जाणवत नाही? न्यूट्रलला एका सिलिंडरात दर वेळी जेमतेम पाच-सात मिलिग्रॅम डिझेल पडतं. तिथे एका नोझलने दीड-दोन मिलिग्रॅम कमी सोडलं तर तो वाटा मोठा होतो. लोडवर हेच प्रमाण कितीतरी पट वाढतं, त्यात दोन मिलिग्रॅम कुठे हरवतात कळतही नाही. शिवाय वेगात फिरणारं फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) उरलंसुरलं झाकून टाकतं. त्यामुळे ‘रोडवर चांगली पळते म्हणजे नोझल चांगले’ असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका.

सुरुवात फाउंडेशनपासून करा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. बॉनेट उघडून गाडी चालू-बंद करायला कोणाला तरी बसवा आणि इंजिनाकडे बघा. बंद होताना इंजिन एकदा हलकं डुलून थांबलं तर ठीक. धाडकन आपटल्यासारखं झालं तर रबर गेलं आहे. बऱ्याच गाड्यांत एक फाउंडेशन तेल भरलेलं असतं. ते फुटलं की रबराखाली काळा, चिकट ओघळ दिसतो आणि त्यावर धुळीचा थर बसलेला असतो. खात्री करायची तर ऑइल चेंबरखाली रुंद लाकडी फळी ठेवून जॅकने फक्त इंजिनाचं वजन पेलेल इतकाच दाब द्या. गाडी उचलायची नाही, आणि फळी न ठेवता जॅक थेट चेंबरला लावायचा नाही, पत्रा दबतो. गाडी हँडब्रेकवर, चाकांना दगड, आणि खाली कोणी शिरायचं नाही. दाब दिल्यावर केबिनमधली थरथर निम्म्यावर आली तर नोझलचा विषय तिथेच संपला.

फाउंडेशन चांगलं निघालं तर ताल ऐका. सायलेन्सरच्या नळीच्या तोंडासमोर वर्तमानपत्राची अरुंद पट्टी धरा. चारही सिलिंडर सारखे असतील तर पट्टी एकसारखी फडफडते. एक कमी असेल तर ठराविक वेळाने पट्टी ढिली पडते किंवा आत ओढल्यासारखी होते. कान तयार असलेला मिस्त्री हे पट्टीशिवायही सांगेल, पण पट्टी तुम्हालाही दिसते.

आता कुठला सिलिंडर ते शोधायचं. गॅरेजच्या स्कॅनरमध्ये एकेक नोझल बंद करून बघायची सोय असेल तर तीच वापरा. नसेल तर गाडी बंद करून एका नोझलचा वायरचा सॉकेट काढा, गाडी सुरू करा, दहा-पंधरा सेकंद ऐका, बंद करून सॉकेट परत लावा, मग पुढचा. चांगल्या सिलिंडरचा सॉकेट काढला की गाडी आणखी वाईट चालते. ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही, तो आळशी. चालू गाडीवर सॉकेट ओढू नका. तिथला व्होल्टेज बॅटरीच्या १२ व्होल्टपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि पिएझो प्रकारचे नोझल असतील तर नुकसान होतं. काही गाड्यांत एक सॉकेट काढला की कॉम्प्युटर दोन सिलिंडर बंद करतो. तशी असेल तर ही पद्धत सोडून द्या. तपासणीनंतर चेक इंजिनचा दिवा लागेल. पी०२०१ ते पी०२०४ हे कोड तुम्ही सॉकेट काढल्याचेच असतात, ते पुसून घ्या.

स्कॅनरवर नोझल करेक्शनचे आकडे दिसत असतील तर ते इंजिन गरम असताना वाचा. साधारण ±२ च्या आतले आकडे निरोगी समजा. ±४ ओलांडलेला संशयित. नेमकी मर्यादा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली धरायची. प्लस म्हणजे कॉम्प्युटर त्या सिलिंडरला जास्तीचं डिझेल देऊन सावरतोय, मायनस म्हणजे कापतोय. इथे एक फसगत होते. मोठा प्लस आकडा दिसला की लगेच नोझल खराब ठरवलं जातं. पण कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबली जाण्याचं प्रमाण) कमी असलेल्या सिलिंडरचाही आकडा प्लसच येतो. कॉम्प्युटरला फक्त क्रँक किती जोरात ढकलला गेला ते कळतं, का कमी ढकलला ते नाही. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा स्वस्त ओबीडी ॲडॉप्टर कोड वाचतो, हे आकडे बहुतेक दाखवत नाही.

यानंतर रिटर्न टेस्ट. ही तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या, हिला अर्धा तास पुरतो. प्रत्येक नोझलच्या डोक्यावरून उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारा बारीक पाइप असतो. ते चारही काढायचे, गाडीकडचं तोंड बुजवायचं आणि प्रत्येक नोझलला पारदर्शक नळी लावून चार सारख्या बाटल्यांत सोडायची. पाण्याच्या पाव लिटरच्या चार बाटल्या पुरेत, पण चारही एकाच कंपनीच्या हव्यात, नाहीतर पातळी फसवते. गरम इंजिन तीन मिनिटं न्यूट्रलला चालवायचं. तीन बाटल्यांत बोटभर डिझेल आणि चौथीत तीन बोटं, असं दिसलं तर त्या नोझलच्या आतला व्हॉल्व्ह झिजलाय आणि दाब वाया जातोय. अशी गाडी गरम असताना सेल्फ जास्त मारायला लागते, आणि स्कॅनरवर पी००८७, म्हणजे रेलचा दाब कमी असल्याचा कोड येऊ शकतो. काही इंजिनांत रिटर्न लाइनमध्ये मुद्दाम दाब राखलेला असतो, तिथे ही बाटल्यांची पद्धत चालत नाही. हे मिस्त्रीला आधी विचारून घ्या.

चारही बाटल्या सारख्या भरल्या आणि तरी एक सिलिंडर आळशीच असेल, तर मामला अजून उघडाच आहे. नोझल परत कमी सोडतं म्हणजे पुढे बरोबर फवारतंच असं नाही. आता आळशी सिलिंडरचं नोझल चांगल्या सिलिंडरात आणि तिथलं इकडे अशी अदलाबदल करा. प्रत्येक नोझलवर कोरलेला कोड असतो, कॉम्प्युटरमध्ये त्या कोडचीही अदलाबदल करायची. दुखणं नोझलबरोबर सरकलं तर दोष नोझलचा. जागेवरच राहिलं तर कॉम्प्रेशन बघायचं. हीटर प्लगच्या (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) भोकात ॲडॉप्टर लावून, डिझेल बंद ठेवून, सेल्फवर मोजतात. तब्येतीतलं डिझेल इंजिन साधारण २५ ते ३० बार (बार हे दाबाचं माप) दाखवतं. सगळे सिलिंडर थोडे खाली पण सारखे असतील तर गाडी गुळगुळीत चालते, फक्त ताकद कमी. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा पाच बारपेक्षा जास्त खाली असेल तर मात्र यवतमाळच्या मिस्त्रीचं म्हणणं खरं. इंजिन खोलण्याची वेळ फक्त इथे येते.

नोझल बाहेर काढाल तेव्हा तळाच्या तांब्याच्या वॉशरकडे लक्ष ठेवा. वॉशर दर वेळी नवाच टाकायचा. जुना वॉशर बऱ्याचदा भोकाच्या तळाशीच चिकटून राहतो, मिस्त्री वरून नवा ठेवतो, आणि एकावर दोन वॉशर बसतात. मग नोझल मिलिमीटर-दीड मिलिमीटर वर उचललं जातं, फवारा पिस्टनच्या वाटीत चुकीच्या जागी पडतो, आणि गाडी आधीपेक्षा जास्त ठोकते. भोकात टॉर्च मारून बघायला लावा. गाडी चालू असताना नोझलच्या बुडाशी ‘फस्स-फस्स’ आवाज, भोवती डांबरासारखी काळी खरड आणि केबिनमध्ये धुराचा वास असेल तर वॉशर आधीपासूनच गळतोय. तेवढ्यानेही थरथर होते.

एक नोझल टाकायचं की चारही? एकाचं रिटर्न तिप्पट आणि बाकी तिघांचं सारखं असेल तर एक बदलून भागतं. दोन खराब निघाले तर चारही टेस्ट बेंचवर (नोझल तपासायच्या मशीनवर) पाठवा आणि छापील रिपोर्ट मागा. त्यात फुल लोड, मिड, आयडल (न्यूट्रल) आणि प्री-इंजेक्शन (मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा) असे चार आकडे असतात. तुमच्या तक्रारीसाठी शेवटचे दोन वाचायचे. फुल लोडला पास आणि आयडलला नापास असे नोझल सर्रास सापडतात, आणि ‘सगळे ओके आहेत’ म्हणून तेच परत मिळतात.

प्रश्न : सात सीटर गाडी, २ लाख ९० हजार किलोमीटर. स्लो एका जागी राहत नाही, काटा ७०० ते ९५० नाचतो. अंगणाला चढ आहे, तोंड वर करून लावली की सकाळी पाच-सहा सेल्फ मारल्याशिवाय उचलत नाही. सपाटीवर लावली तर लगेच सुरू होते. डिझेल फिल्टर दोन महिन्यांपूर्वीच टाकला. शेतात ट्रॅक्टरसाठी ड्रम भरून ठेवतो, कधीमधी त्यातलंच गाडीत टाकतो. खाली डिझेलचा एक थेंब गळत नाही.
(मोर्शी, जि. अमरावती)

उत्तर : निदान तुम्हीच लिहून पाठवलंय, भाऊ. चढावर उचलत नाही, सपाटीवर उचलते, म्हणजे रात्रभरात डिझेल पंपाकडून टाकीकडे उतरतं. ते उतरायला वरून हवा शिरावी लागते. गाडी एअर धरतेय.

थेंब गळत नाही म्हणून लाइन चांगली, हा समज मात्र सोडा. ज्या गाड्यांत इंजिनावरचा पंपच टाकीतून डिझेल ओढतो, तिथे टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपात बाहेरच्या हवेपेक्षा दाब कमी असतो. भेगेतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. उन्हाळ्यात ४५ अंशांत रबरी पाइप आणि फिल्टरच्या सॉकेटमधले ओ-रिंग कडक होतात. फिल्टर बदलताना तेच जुने ओ-रिंग हलले असतील, म्हणून तपास तिथूनच सुरू करा. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये एक वीतभर पारदर्शक, डिझेल झेपेल अशी नळी घाला. सुरू केल्यावर पहिला मिनिटभर बुडबुडे दिसणं साहजिक आहे. पाच मिनिटांनंतरही मण्यांच्या माळेसारखे बुडबुडे सरकत असतील तर हवा येतेय. आता हवा फिल्टरच्या अलीकडून की टाकीकडून, हे कळण्यासाठी बॉनेटजवळ स्वच्छ डिझेलचा कॅन ठेवा आणि फिल्टरला येणारा पाइप व रिटर्न दोन्ही त्यात सोडा. बुडबुडे थांबले तर दोष टाकीकडच्या लाइनमध्ये, नाहीतर फिल्टरचं हाउसिंग किंवा सॉकेट. गाडी कुटाराच्या ढिगाजवळ लावत असाल तर पाइपावर उंदराचे दात उमटलेत का तेही बघा. सोयाबीन निघाल्यावर हा प्रकार फार होतो.

दुसरं, पाणी. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू दोन आटे सैल करून पावशेर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटं हलवू नका. पाणी असेल तर तळाशी बसतं आणि मध्ये सरळ रेघ दिसते. पाणी कुठून आलं? उभा ठेवलेला ड्रम पावसात भिजला की झाकणावर पाणी साचतं. दिवसा तापलेली आतली हवा रात्री आकसते आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढते. बूच घट्ट लावलंय म्हणून निर्धास्त राहता येत नाही. ड्रम आडवा ठेवा, दोन्ही बुचं एका पातळीत, डावी-उजवीकडे येतील असा. डिझेल काढताना तळाचं चार बोटं तसंच राहू द्या. पाण्याने कॉमन रेलचा पंप आणि नोझल गंजतात. जुना ट्रॅक्टर जे पचवेल ते या गाडीला पचत नाही. बायोडिझेल म्हणून कॅनमध्ये विकलं जाणारं तेल तर टाकूच नका.

हवा आणि पाणी दोन्ही निघाल्यावरही काटा नाचत राहिला, तर पंपावरचा डिझेल मोजून आत सोडणारा व्हॉल्व्ह बघायचा. स्कॅनरवर ‘हवा तो दाब’ आणि ‘आहे तो दाब’ शेजारी लावा. न्यूट्रलला २५० ते ३५० बार साधारण असतो. मागितलेला आकडा स्थिर आणि प्रत्यक्षातला त्याच्याभोवती झोके घेत असेल तर तो व्हॉल्व्ह अडकतोय. हा आधी बदलू नका. हवेच्या बुडबुड्यांनीही अगदी असेच झोके येतात.

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत पहाटे सुरू केली की गाडी दोन-तीन मिनिटं गदगदा हलते, पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा वास. मग आपोआप शांत. दुपारी काहीच नाही. १ लाख ९५ हजार किलोमीटर.
(चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर : पांढरा, झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. एक-दोन हीटर प्लग गेले असावेत. मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगची वायर काढा, एक टोक प्लगच्या डोक्यावर, दुसरं इंजिनाच्या मोकळ्या धातूवर. चांगला प्लग साधारण अर्धा ते दीड ओहम दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. सगळे चांगले असतील तर प्लगना करंट पोचतो का ते रिलेपाशी बघा. बाहेर काढून थेट बॅटरीवर लाल करून बघायची पद्धत नव्या गाड्यांना लावू नका. त्यांतले काही प्लग १२ व्होल्टचे नसतातच, क्षणात जळतात.

काढताना घाई नको. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी इंजिन गरम करा, मग छोट्या पान्याने मागे-पुढे करत सोडवा. लांब दांडा लावून जोर केला की प्लग हेडमध्येच तुटतो, आणि मग दोनशे-चारशेच्या पार्टसाठी हेड उतरवावं लागतं. प्लग चांगले असूनही धूर राहिला तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघा.

प्रश्न : चारही नोझल दुरुस्त करून आणले. बेंचचा रिपोर्ट चांगला आहे. बसवल्यावर थरथर पहिल्यापेक्षा वाढली. पैसे वाया गेले का?
(वणी, जि. यवतमाळ)

उत्तर : बहुधा नाही. प्रत्येक नोझलवर कोरलेला कोड असतो. ते नोझल नेमकं किती जास्त-कमी सोडतं याची ती कुंडली, आणि तो कोड कॉम्प्युटरमध्ये त्याच सिलिंडरच्या नावावर भरावा लागतो. दुरुस्तीनंतर फवारा बदलतो, म्हणून बेंचवाला नवा कोड देतो. तो भरलाच नसेल किंवा नोझल काढताना १-२-३-४ नंबर न घालता मिसळले असतील, तर कॉम्प्युटर जुन्याच कुंडलीवर डिझेल मोजतोय. कोड भरून घ्या, मग गाडी तीस-चाळीस किलोमीटर चालवून बघा. तरीही तसंच असेल तर पहिल्या उत्तरातला दोन वॉशरांचा प्रकार तपासा.

प्रश्न : ईजीआर बंद केला की स्लो सुधारतो म्हणे. पत्रा टाकून बुजवू का? आणि नोझल साफ करायचं औषध टाकीत घातलं तर?
(मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : बुजवू नका, ईजीआर हा थोडा धूर परत इंजिनात सोडून प्रदूषण रोखणारा भाग आहे. शिवाय बऱ्याच गाड्यांत लगेच दिवा लागतो. पण तपासायला तो उपयोगी आहे. व्हॅक्यूमवर चालणारा ईजीआर असेल तर त्याचा बारीक पाइप काढून तोंडात स्क्रू खोचा आणि न्यूट्रलला ऐका. पाइप काढूनही थरथर आणि काळा धूर थांबला नाही तर व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकलेला असू शकतो. काढा, कार्ब क्लीनरने काजळी मऊ करून लाकडी काडीने खरवडा, मोटरच्या बाजूला फवारा जाऊ देऊ नका, गॅसकेट नवी टाका. औषध सौम्य कार्बनवर थोडंफार चालतं. झिजलेला व्हॉल्व्ह त्याने भरून येत नाही. तेवढ्या पैशांत आधी चांगला फिल्टर येतो.

प्रश्न : आमचे मिस्त्री जुन्या जीपवर नोझलच्या पाइपाचा नट सैल करून मिसिंग (नीट न पेटणारा सिलिंडर) शोधायचे. नव्या गाडीवर हात लावायला नाही म्हणतात. खरंच इतकं धोक्याचं आहे का?
(देवरी, जि. गोंदिया)

उत्तर : तुमचे मिस्त्री शहाणे आहेत. जुन्या मेकॅनिकल पंपात नोझल दीड-दोनशे बारच्या घरात उघडतं आणि पाइपात दाब फक्त त्या क्षणापुरता येतो. कॉमन रेलमध्ये तो सतत भरलेला असतो. न्यूट्रललाच अडीच-तीनशे बार, रेस दिल्यावर हजारापलीकडे. त्या दाबाची बारीक धार हातमोज्यातून आरपार जाते. गळती शोधायची तर गाडी बंद करून पुठ्ठ्याचा तुकडा पाइपाखाली ठेवा, दूर होऊन गाडी सुरू करा आणि पुठ्ठ्यावर डाग कुठे पडतो ते बघा. बोट फिरवून शोधू नका. जुन्या जीपवरही हीच सवय ठेवलेली बरी. चुकून धार लागलीच तर जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि पहिल्या तासात फारशी दुखतही नाही. तरी हळद लावून घरी थांबू नका. डिझेल कातडीखाली पसरत जातं. ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि ‘दाबाने डिझेल आत गेलंय’ हे शब्द डॉक्टरांना सांगा.